नवऱ्याचं पात्र

"नवरा काही पटत नाही बुवा," निवृत्त मास्तरांनी सुरुवातीलाच घाव घातला. "इतका वाईट माणूस असतो का कुठे?"

लेखनगटाचा नियम साधा होता. ज्याची कथा, त्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. बालवाडीच्या बाईंना ते मुळीच जड गेलं नाही. घरी त्यांची हीच तालीम चालायची.

कथेतला नवरा बायकोला बाथरूममध्ये कोंडतो, बाहेरून कडी लावतो आणि निवांत जेवायला बसतो. शेवटी ती पहाटे घर सोडून जाते. तेवढा शेवट सोडला तर ओळ न् ओळ घडलेली होती. कुणीतरी ओळखावं, बाजूला घेऊन "बाई, हे तुमचंच ना?" एवढं विचारावं, म्हणून त्यांनी मनाचा हिय्या केला होता. आज न्यायला यायला उशीर होईल, असं नवरा म्हणाला होता. पण त्या दुसरं पान वाचत असतानाच तो येऊन मागे बसला, आणि मग थांबायची सोय नव्हती.

गटात तो सगळ्यांचा लाडका भाऊजी. खुर्च्या लावायचा, चहाचे कप विसळायचा.

"त्याला एखादा तरी चांगला गुण द्या हो," औषधांच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या. "आमच्या भाऊजींकडे बघून लिहा!"

सगळे हसले. भाऊजीही हसले.

"भाऊजी, तुम्ही सांगा. वाचक म्हणून," मास्तर म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं! कथा झकासच आहे. फक्त शेवट नाही जमला. निघून जाते म्हणे. अहो, जाईल कुठे ती? माहेरी कोण उरलंय तिचं?"

कथेत माहेराचं अक्षरही नव्हतं. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं. एरवी स्वल्पविरामावरून हुज्जत घालणारी माणसं ती, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बरोब्बर पकडलंत!" मास्तर म्हणाले. "बाई, आता तुम्ही बोला."

बाईंनी शेवटचं पान वर घेतलं.

"शेवट बदलते," त्या म्हणाल्या.

"आत्ताच बदल की," नवरा मायेनं म्हणाला. खिशातलं पेन काढून, टोपण उघडून त्यानं त्यांच्या हातात दिलं. ताई कौतुकानं बघत राहिल्या. बाईंनी शेवटच्या ओळींवर रेघ मारली आणि पेन त्याला परत केलं.