चार माणसांचं टेबल

सुदेशला अलीकडे एक खोड लागली होती. कुणाच्याही घरी गेला, की चहा यायच्या आत तो जेवणाच्या टेबलाखाली वाकून बघायचा. कचेरीतल्या साहेबांकडे असाच वाकला, तेव्हा साहेबांच्या बायकोला वाटलं, याचं काहीतरी पडलं. बिचारी स्वतःही खाली वाकून शोधू लागली. सुदेश शोधत होता ते वेगळंच. टेबल सबंध लाकडाचं आहे, की प्लायवूडवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, म्हणजे व्हिनिअरचं? वरून दोन्ही सारखीच दिसतात. खरं काय ते खालून कळतं.

त्याला हे वेड लागलं ते वडिलांच्या, म्हणजे भाईंच्या, गुडघ्यांमुळे. भाईंचं सारं आयुष्य बोटीवरच्या नोकरीत गेलेलं. आता मालवणजवळच्या आपल्या घरी निवांत बसायचे दिवस आले, तर गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली. भाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्टुलावर ताट ठेवत आणि दर जेवणाला थोडं तिकलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण, सदऱ्यावर सांडत. सुदेशला सुतारकामाचा नाद होताच. त्याने जाहीर करून टाकलं, की टेबल मी स्वतः करणार.

पण कशाचं करायचं? माळ्यावर घरच्या फणसाच्या फळ्या होत्या. परसातलं ते झाड वादळात पडलं, तेव्हा भाईंनी ते कापून आणून ठेवलं होतं. बऱ्याच फळ्या किडीने पोखरल्या, दोन तेवढ्या धडधाकट राहिल्या. त्या जोडून टेबल झालं असतं, पण अरुंद. व्हिनिअरची पाटी हवी तेवढी रुंद मिळते, समुद्राच्या दमट हवेत फुगत नाही, वाकत नाही. मात्र कडेने पाणी शिरलं, की पापुद्रा सुटतो. सुदेश रात्रंदिवस हेच घोळवत होता. भाईंचं म्हणणं ठरलेलं. घरचा फणस असताना कागदासारखं लाकूड कशाला? सुदेशलाही मनातून तेच पटत होतं. वरून एक आणि आतून दुसरं, असल्या वस्तूची त्याला चीड होती.

त्याची बायको भक्ती एकदोनदा म्हणाली होती, की टेबल रुंद हवं. का हवं, हे तिला कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी भाईंची थोरली बहीण आनंदीबाई दोडामार्गहून भावाचे गुडघे बघायला आली. काजूच्या बागेत उभं आयुष्य काढलेली, जिभेने तिखट आणि नजरेने त्याहून तिखट. सुदेशने तिच्यापुढे फळ्या मांडल्या, व्हिनिअरचा नमुना ठेवला आणि दोन्हींचे गुण सांगितले. आत्येने नमुन्यावरून नख फिरवलं, फळीचा वास घेतला. मग म्हणाली, "लाकूड मगे ठरव. आदी सांग, टेबलार बसतले किती?"

भाईंनी खुर्चीतूनच उत्तर दिलं, "मी, सुदेश, आणि दोन पावणे इले तर ते. चार माणसांचा टेबल पुरे."

"घरात माणसा चार," आत्ये म्हणाली. "त्यातली दोन तू मोजलंस. रवलेली दोन खंय गेली?"

"त्यो मगे जेवतत. वाढूक कोणतरी व्हया मा," भाई म्हणाले. ते काही वाईट मनाने बोलले नव्हते. त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवतो तसंच हेही होतं. सुदेशलाही त्यात वावगं वाटलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे.

आत्येने वाद घातला नाही. तिने सुदेशला खडू आणायला लावला. ती म्हणाली, फळ्यांचं टेबल केवढं होईल, तेवढा चौकोन माजघराच्या लादीवर काढ, आणि आज सगळी त्याच्याभोवती एकदम बसून जेवूया, म्हणजे पुरतं की नाही ते कळेल. सुदेशला ही कल्पना फारच आवडली. त्याने चौकोन आखला, प्रत्येकाच्या ताटाची जागाही आखली. भाईंची खुर्ची एका टोकाला आली, बाकीच्यांना पाट.

नर्मदा, सुदेशची आई, स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, तुम्ही बसा, मी मागाहून जेवते. आत्येने तिचा हात धरून तिला बसवलं.

जेवण सुरू झालं आणि सुदेशला पहिली अडचण दिसली. समोरासमोर ताटं ठेवल्यावर मधे वाटीएवढीही जागा उरत नव्हती. भात, तिकलं, सोलकढी, सगळं स्वयंपाकघरातच राहिलं. भाईंना भात हवा झाला, नर्मदा उठली. सुदेशला कढी हवी झाली, भक्ती उठली. मीठ राहिलं होतं, पुन्हा नर्मदा उठली. सुदेश कोपर किती लांब जातं ते मापत होता. मापता मापता त्याचं लक्ष लादीकडे गेलं.

त्याच्या ताटाची रेघ जशीच्या तशी होती. आत्येचीही होती. आई आणि भक्ती बसल्या होत्या तिथला खडू मात्र पायांनी पार पुसून गेला होता. तिथे कुणाची जागा होती, हेही ओळखू येत नव्हतं.

त्याने मान वर केली. आई भिंतीला धरून उभी होती. पुन्हा पाटावर बसायला तिने एक पाय वाकवला, तोंड कसंनुसं केलं, आणि ताट उचलून ती स्वयंपाकघराकडे वळली.

"आये, तुझे गुडघे दुखतत?" सुदेशने विचारलं.

नर्मदा चोरी पकडली गेल्यासारखी हसली. "खाली बसला काय उठाक जमणा नाय रे. म्हणान मी उभ्यानंच जेवतंय. ओट्यार ताट ठेवचा आणि जेवचा."

"कदीपासून?"

तिने क्षणभर आठवलं. "ह्यांच्या गुडघ्यांच्या आदीपासून."

 भाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर झाले, तेल झालं, आता टेबल होणार होतं. ज्या घरात भाईंचे गुडघे सगळ्या गावाला ठाऊक होते, त्याच घरात नर्मदेचे गुडघे फक्त भक्तीला ठाऊक होते. सासू एकटी उभी राहून जेवते म्हणून तीही शेजारी उभीच जेवत असे.  जगाच्या टेबलांखाली वाकून बघणाऱ्या माणसाला आपल्या आईला जेवताना कधी बघावंसं वाटलं नव्हतं!

"म्हणान मी रुंद टेबल सांगत होतंय," भक्ती हळूच म्हणाली. "भांडी मधी रवली, तर कोणाक उठूचा पडणा नाय."

आत्ये भावाकडे वळली. "भाई, तुका फणस व्हयो, कारण तो आतून-भायरून एकच. बरा आसा. मगे घरातला माणूसय तसाच बघूक व्हया. भायर सांगतलंस घर चार माणसांचा, आणि आत जेवतली दोन, ह्या पापुद्रो नाय तर काय?"

 भाई खुर्चीचे हात धरून, कण्हत उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "नर्मदा, तू हयसर बस," ते म्हणाले. चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. ती बसेना, तेव्हा सुदेशने तिचं ताट आणून स्टुलावर ठेवलं आणि तिला खुर्चीत बसवलं. भाई सुदेशला म्हणाले, "टेबल व्हिनिअरचा कर, रुंद. फणस पायांक घाल. वजन तो घेतलो."

टेबल तसंच झालं. वर व्हिनिअरची रुंद पाटी, खाली फणसाची चौकट आणि पाय, कडेने पाणी शिरू नये म्हणून फणसाचीच पट्टी. पहिल्या दिवशी मीठ हवं झालं, तेव्हा नर्मदा सवयीने अर्धी उठली. भाईंनी हात लांब करून मिठाचा सट आपणच ओढून घेतला. ती पुन्हा बसली, आणि भात निवायच्या आत जेवली.

सुदेश आता कुणाच्या टेबलाखाली वाकत नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. तिथे कुणी ताटकळत उभं असलं, तर सरळ विचारतो, "तुम्ही नाही बसणार?" काहींना ते आवडत नाही. चालायचंच.

वाचकहो, टेबल सबंध लाकडाचं असावं की व्हिनिअरचं, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पण जे टेबल घरातल्या सगळ्यांना बसवून घेत नाही, ते शिसवीचं असलं तरी खोटंच. तुमच्या घरी टेबल असो वा नसो, आज जेवायच्या आधी एकदा लादीवर खडूने सगळ्यांच्या जागा आखा. आणि जेवण झाल्यावर बघा, कुणाची रेघ पुसली गेली आहे ती.