भरतीच्या वेळेचा नकाशा

तहरीम शिकलगारला ऊस आकाशातून ओळखता यायचा. दीड वर्षाचा आडसाली कुठला, तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा कुठला, कुठल्या फडात कालपरवा तोड झालीय, हे ती पडद्यावर बोट ठेवून सांगायची. सांगलीत विश्रामबागेत जयराज सरांची कंपनी होती. सॅटेलाइटच्या चित्रांवरून उसाचं क्षेत्र काढायचं आणि साखर कारखान्यांना द्यायचं, हे तिचं काम. चार वर्षं ती तेच करत होती. कडेगावात तिचे अब्बा, नियाज शिकलगार, कोयत्यांना धार लावायचे. हंगामात दुकानापुढं तोडकऱ्यांची गर्दी व्हायची आणि अब्बा एकेकाला ऐकवायचे, "तू ज्या फडात तोडतूयास न्हवं, त्यो माझ्या पोरीनं आधीच वरनं बघितलाय."

मागच्या दिवाळीनंतर कंपनीकडे वेगळंच काम आलं. कोकणातल्या एका सागरी अभयारण्यात खडकांवर तपकिरी शेवाळ वाढतं. ते वर्षभरात वाढलं की घटलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगायचं होतं. खताच्या एका कारखान्याला ते शेवाळ काढून न्यायचं होतं, आणि ते वाढत असेल तरच वन खातं परवानगीचा विचार करणार होतं.

"सर, मी समुद्र पाहिलेला नाही," तहरीम म्हणाली.

"ऊस काय अन् शेवाळ काय, हिरवं ते हिरवं," सर हसले. "तू करशील."

तिनं केलं. मागच्या जानेवारीतलं एक चित्र घेतलं, या जानेवारीतलं एक. निवडताना एकच गोष्ट बघितली, ढग नकोत. उत्तर आलं, शेवाळ जवळजवळ तिप्पट झालंय. सर खूश झाले. अहवाल खात्याकडे गेला. खात्याच्या मोठ्या मॅडम महिनाअखेर साताऱ्यात येणार होत्या, तिथंच बैठक ठरली. बैठकीत दाखवायला चार चांगले फोटो हवेत म्हणून सरांनीच तहरीमला कोकणात पाठवलं.

सकाळी अकराला ती होडीत बसून नकाशावरच्या जागी पोचली. चहूकडे नुसतं पाणी. फोनमधला ठिपका तिथंच होता, शेवाळ मात्र कुठंच नव्हतं.

"काका, शेवाळ कुठंय?"

होडीवाल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "भरतीक काय दिसतला, ताई? ओहोटीक या. पाच वाजता."

पाचला ती परत गेली. सकाळी जिथं होडी तरंगत होती तिथं आता काळे खडक उघडे पडले होते, आणि खडकांवर चिखलात लोळणाऱ्या म्हशींच्या पाठीसारखं चकाकणारं तपकिरी शेवाळ. इतकं, की पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो काढायचे सोडून तहरीम तिथंच उभी राहिली. मग सकाळी नुसत्या पाण्याचा फोटो काढला होता त्याच जागेचा तिनं पुन्हा फोटो काढला.

उपग्रह त्या जागेवरून जातो तो दर वेळी अकराच्या सुमारास. पण समुद्र काही रोज अकराला सारखा नसतो. तिनं ओल्या खडकावर बसून फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या. मागच्या वर्षीच्या चित्राच्या दिवशी अकराला भरती होती. या वर्षीच्या चित्राच्या दिवशी ओहोटी. म्हणजे शेवाळ वाढलंच नव्हतं. पाणी उतरलं होतं.

उत्तरेकडच्या खडकांवर म्हाताऱ्यानं तिला आणखी एक गोष्ट दाखवली. तिथं कुणी तरी चोरून शेवाळ नेलं होतं, आणि कापून नव्हे, खडकाला धरून असलेल्या बुडख्यासकट ओरबाडून. कोयत्याच्या धारेवर वाढलेल्या पोरीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. बुडखाच उपटला तर खोडवा फुटणार कशातून?

दुसऱ्या दिवशी ती थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चित्रात जे दिसलं ते तू सांगितलंस. यात चूक काय?"

"दोन्ही चित्रं एका भरतीतली नाहीत, सर. तुलनाच होत नाही. अहवाल मागं घ्यायला हवा."

"आणि उद्या कारखान्यांनी विचारलं, तुमचा शेवाळाचा आकडा चुकला, मग उसाचा कशावरून बरोबर? काय सांगू त्यांना? तीस माणसं आहेत या ऑफिसात." सर खुर्चीत मागे रेलले. "पुढच्या वर्षीच्या अहवालात दुरुस्ती टाकू."

"पुढच्या वर्षी खडकावर काय उरणारंय?"

"तहरीम, साताऱ्याला तू येऊ नकोस. मी एकटा मांडतो."

"अहवालावर माझं नाव आहे."

"काढतो."

"नाव काढून चूक निघत नाही, सर."

तिनं केबिनचं दार जरा जोरातच लावलं.

रविवारी ती कडेगावला गेली. अब्बा दुकानात कानशीनं कोयत्याची मूठ घासत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. भरतीचं, ओहोटीचं, सरांचं. अब्बांना समुद्रातलं फार कळलं नाही, पण त्यांनी तिचं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"चूक कुणाची? त्याची का तुजी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माझी."

"मग त्याला कशाला इचारत बसलीयास?"

"नोकरी जाईल, अब्बा."

अब्बांची कानस थांबली. "जाईल," ते म्हणाले. "तुज्या अम्मीला मी सांगतो. तू नगं सांगू, लय रडंल ती."

बैठकीच्या दिवशी पहिल्या एसटीनं ती साताऱ्याला निघाली. विश्रामगृहाच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा सर पडद्यावर तिचाच नकाशा दाखवत होते. मोठ्या मॅडम समोर बसल्या होत्या, शेजारी कारखान्याची दोन माणसं. दारात तहरीम दिसताच सरांचा आवाज अडखळला.

"ही आमची ज्युनिअर. हिला आज सुट्टी दिलेली आहे."

"सुट्टीत आलेय," तहरीम म्हणाली. "मॅडम, हा नकाशा मी केलाय. तो चुकलाय."

तिनं पिशवीतून दोन कागद काढून मॅडमसमोर ठेवले. एकावर दोन्ही चित्रांच्या तारखा आणि त्या वेळचं पाणी, दुसऱ्यावर एकाच जागेचे अकराचे आणि पाचचे फोटो. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि फोटो पुन्हा पुन्हा बघितले.

"पण शेवाळ आहे, हे तर खरं ना?" कारखान्याच्या एकानं विचारलं. "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"कडेगावची."

"कडेगावात समुद्र कधी आला?" तो हसला. दुसराही हसला.

"नाही आला. म्हणूनच चुकले," तहरीम त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. "त्या होडीवाल्या काकांना आधी विचारलं असतं तर नसते चुकले. तुम्ही विचारलं होतं?"

मॅडमनी विचारलं, "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

"साधारण अंदाज?"

"अंदाज देणार नाही, मॅडम. एकदा देऊन बसलेय."

मॅडमनी अहवालाची फाइल मिटून बाजूला ठेवली. एकाच भरतीच्या वेळची चित्रं घेऊन नव्याने काम करायचं, आणि खडकांवर चालत जाऊन पडताळायचं, तोवर परवानगीचा विषय नाही, असं त्यांनी तिथंच लिहून घेतलं. बाहेर गाडीपाशी सर थांबले होते. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. तहरीमनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवलं आणि स्टँडकडे चालू लागली. वाटेत तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही, येऊ दिलं.

नवं काम दुसऱ्याच कुणी केलं. मे महिन्यात त्याचा निकाल आला. मधल्या खडकांवर शेवाळ होतं तितकंच, उत्तरेकडे मात्र ते तिसऱ्या हिश्शानं घटलेलं. उत्तरेची बाजू काढणीला बंद झाली. कारखान्याचा अर्ज बाकीच्या जागेपुरता अजून पडून आहे. त्या अहवालात तहरीमचं नाव कुठंच नव्हतं. ती कडेगावात दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून लोकांच्या शेतांचे नकाशे करून देत होती. अम्मी महिनाभर तिच्याशी कमीच बोलली.

जूनमध्ये सरांचा फोन आला.

"झालं गेलं विसर. ये परत. खात्याला पुढच्या हंगामाचं शेवाळ मोजायचं काम द्यायचंय आणि त्यांनी तुझं नाव विचारलंय."

"मग त्यांना माझा नंबर द्यायचा होता."

"तुझ्याकडे ऑफिस तरी आहे का?"

"नाही. कोयत्याचं दुकान आहे." बाहेर सहाणेवर पातं करकरत होतं, ते सरांनाही ऐकू जात असणार. "आधी त्या मॅडमना फोन करून सांगा, चूक कळल्यावरही अहवाल दामटत होतो म्हणून. मग येते."

सरांनी फोन ठेवला. तहरीमनं थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा वाजतोय का म्हणून. नाही वाजला. मग तिनं जुन्या कागदावरून खात्याच्या कार्यालयाचा नंबर शोधला आणि कामाचं विचारायला स्वतःच लावला.

"मॅडम आहेत? मी तहरीम शिकलगार, कडेगावहून बोलतेय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, शेवाळाचा नकाशा चुकवलेली ती."