उद्याची तालीम

टकळीने बुटांचा ब्रश टेबलावर आपटला आणि आवाज जाड केला.

"हं, बसा. चहा मिळणार नाही. थेट मुद्द्यावर या."

वडील समोरच्या खुर्चीत बसले. उद्या त्यांची चौकशी होती, खरीखुरी, मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबांपुढे. ज्या कारखान्याला त्यांच्या बँकेच्या शाखेने भलंमोठं कर्ज दिलं, त्याचा मालक पैसे घेऊन बायकामुलांसकट परदेशात पसार झाला होता, आणि आता कुणाची तरी नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं. वादविवाद स्पर्धेत भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या लेकीला तालमीला बसवायची कल्पना वडिलांचीच. टकळी तर हवेतच होती. नाकावर आईचा चष्मा, केस करकचून बांधलेले, आणि अख्ख्या जगाचा निकाल आज संध्याकाळपर्यंत लावून टाकू असा चेहरा.

"कारखान्याला कर्ज कुणी मंजूर केलं?"

"मी. पण म्हणजे, वरून दोनदा फोन आला होता, आणि मला खरं तर तेव्हाच वाटलं होतं की..."

"थांबा, थांबा. बाबा, 'पण म्हणजे' म्हटलंत की मेलात. एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. आणि माझ्याकडे बघा ना. टेबलावर काय उत्तर छापलंय?"

इस्त्री करणारी आई फसकन हसली. वडीलही हसले. गेले कित्येक दिवस ते टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसून राहायचे, त्यामुळे हे हसू टकळीला स्पर्धेतल्या कपापेक्षा मोठं वाटलं.

"परत. कर्ज कुणी मंजूर केलं?"

"मी. पाहणी अहवालाच्या आधारावर."

"झकास. अहवाल कुणाचा?"

"शाखेतल्या अधिकारी बाईंचा. खाली त्यांची सही आहे."

इस्त्री सदऱ्याच्या बाहीवर थांबली.

"छोट्या मॅडमची?" आईने विचारलं. छोट्या मॅडम म्हणजे शाखेतल्या सगळ्यांत नवीन बाई. मागच्याच महिन्यात बाळाला दाखवायला घरी आल्या होत्या आणि टकळीच्या मांडीवर बाळ ठेवून पोटभर गप्पा मारून गेल्या होत्या. "अहो, तिचं लेकरू अजून रांगतसुद्धा नाही."

"मग मी काय करू? माझ्या घरात काय दगडधोंडे राहतात?"

 जळका वास आला तशी आईने इस्त्री उचलली.

"आई, साक्षीदारांनी मध्ये बोलायचं नाही," टकळी म्हणाली, पण तिलाच तो विनोद फिका वाटला. मग जागा भरायला म्हणून तिने पुढचा प्रश्न टाकला, "तुम्ही स्वतः कारखाना पाहायला गेला होतात?"

"नाही."

एकच शब्द. त्यानंतर शांतता. नजर थेट तिच्या डोळ्यांत. टकळी शाब्बास म्हणायला निघाली, आणि तिला कारखान्यातला तो दिवस आठवला.

तिला सुट्टी होती त्या दिवशी. बाबा म्हणाले, चल गाडीतून, फिरून येऊ. मालककाकांनी तिच्या हातात आइस्क्रीमचा अख्खा डबा दिला होता. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कोरी यंत्रं होती आणि दाराशी एक रिकामा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. बाबांनी एका यंत्राचं प्लास्टिक उचललं, खालची दुसऱ्याच कारखान्याच्या नावाची पट्टी वाचली, आणि प्लास्टिक परत सोडून दिलं. ट्रक जात का नाही, असं तिने विचारलं तर म्हणाले, तू गप्प आइस्क्रीम खा. परतताना गाडीतूनच त्यांनी फोन लावला. "मॅडम, मी बघून आलोय. तुम्ही फक्त सही करा." मागच्या सीटवर डबा चाटूनपुसून साफ करताना तिने ते ऐकलं होतं आणि विसरूनही गेली होती.

"पुढे?" वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता छान लागला होता.

टकळीने चष्मा काढून हातात धरला.

"त्या दिवशी तुमच्यासोबत कोण होतं?"

वडील तिच्याकडे बघत राहिले.  आई पाठमोरी होती.

"कोणी नव्हतं," ते म्हणाले.

त्यांना कळलंही नाही. टकळीला मात्र लगेच कळलं. स्पर्धेत समोरच्याची अशी चूक झाली की ती वाक्य संपायच्या आत उडी घ्यायची. उद्या साहेबही घेणार होते. कोणी नव्हतं, म्हणजे तुम्ही गेला होतात. तेवढ्या एका वाक्याने छोट्या मॅडम सुटणार होत्या, आणि त्यासाठी टकळीला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने वडिलांच्या गळ्याकडे पाहिलं. बटण लावलेल्या कॉलरमध्ये आता दोन बोटं सहज गेली असती.

"असं नाही, बाबा," ती हळू म्हणाली. "'मी गेलोच नव्हतो, तर सोबत कोण असणार?' असं म्हणा."

वडिलांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग मान हलवली.

"परत विचार."

तिने परत विचारलं.