रविवारचा क्लच

रविवारी सकाळी दहाला फोन वाजायचा आणि फिटरसाहेब साडेनवापासूनच फोनकडे पाठ करून बसायचे. पाठ एवढ्यासाठी, की आपण वाट बघतोय असं कुणाला वाटू नये. घरात दुसरं कुणीच नव्हतं, तरीही.

साहेब ते कधीच नव्हते. पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. कुरकुरणारा पंप नुसता ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, म्हणून बरोबरचे लोक थट्टेने साहेब म्हणायला लागले आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव चिकटून राहिलं. यंत्राशी हा माणूस तासन् तास बोलेल. माणसांशी मात्र तोंडाला कुलूप. घरातलं बोलण्याचं काम बायको करायची. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला गेली तेव्हाही फोनवर गप्पा मारायची ती बायकोच. शेवटी मुलगी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" आणि हे खुर्चीतूनच हात हलवायचे. फोनवर हात दिसत नाही, हे बायको दर वेळी सांगायची आणि ते दर वेळी पुन्हा हलवायचे.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि बापलेक एकमेकांच्या तावडीत सापडले. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." "बरं." "बरं." पाऊण मिनिटात कारभार आटोपायचा. फोन ठेवला की फिटरसाहेबांना शंभर गोष्टी आठवायच्या. स्वतःहून फोन करावा म्हटलं तर कारण काय सांगायचं? काम असलं की माणूस फोन करतो. आपलं काय काम, असं म्हणून ते भांडी घासायला लागायचे. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. मुलीची आठवण अशी यायची, की घशाखाली घास उतरायचा नाही. पण हे सांगायचं कसं, ते छत्तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

अशात गाडीने हात दिला. हातभर लांब, रिमोटवर चालणारी, पण खरं इंजिन आणि खरं इंधन असलेली ही गाडी मुलीच्या लहानपणी त्यांनी स्वतः जोडली होती. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना अजूनही खपत नाही. माळ्यावर धूळ खात पडलेली ती गाडी मुलगी मागच्या खेपेला घेऊन गेली. तिच्या ऑफिसातले काही लोक दर शनिवारी मातीच्या ट्रॅकवर अशा गाड्यांच्या शर्यती लावत. मग एका रविवारी फोन आला आणि जेवणाचं विचारायचंच राहून गेलं.

"बाबा, गाडी उभीच राहत नाही. रेस दिली नाही तरी पुढे सरकते. ब्रेक धरून ठेवला की इंजिन बंद पडतं. काल सुरुवातीच्या रेषेवर तीनदा बंद पडली. सगळे हसले मला."

"आवाज ऐकव."

तिने गाडी बाल्कनीत नेऊन सुरू केली. फिटरसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि दहा सेकंदांत त्यांना कळलं, की क्लचच्या स्प्रिंगा पातळ आहेत.

आता हा क्लच काय चीज आहे ते सांगावं लागेल. घाबरू नका, फिटरसाहेबांइतका वेळ मी घेणार नाही. इंजिनाच्या दांड्यावर एक जड चकती फिरते. चकतीवर नखाएवढे तीन तुकडे बसवलेले असतात, त्यांना शू म्हणतात, आणि प्रत्येक शूला एक बारीक स्प्रिंग आत दाबून धरते. या सगळ्यावर एक पालथी वाटी. वाटीला दाते, दात्यांच्या पुढे चाकं. इंजिन हळू फिरत असतं तोवर स्प्रिंगा शूंना आवरून ठेवतात, वाटीला शिवू देत नाहीत. इंजिन चालू, गाडी उभी. रेस दिली की फिरण्याच्या जोराने शू बाहेर फेकले जातात, वाटीला आतून घट्ट धरतात आणि गाडी सुटते. रेस सोडली की स्प्रिंगा त्यांना पुन्हा आत ओढून घेतात. पायाने दाबायचं नाही, हाताने ओढायचं नाही, सगळं आपोआप. स्प्रिंग पातळ असली तर शू उगाच लवकर पकडतात आणि उभी राहायची गाडी सरकायला लागते. जाड असली तर इंजिन चांगलं जोरात येईपर्यंत दम धरतात.

म्हणजे सांगायचं होतं एकच वाक्य. जाड स्प्रिंगा टाक. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यांनी घड्याळाकडे बघितलं, तर फोन सुरू होऊन चौदा मिनिटं झाली होती.

"आधी वाटीची बेअरिंगं बघ," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सांग."

खोटं ते बोलले नाहीत हो. बेअरिंग अडकलं तरी गाडी सरकते. फक्त जे शेवटी बघायचं ते त्यांनी आधी सांगितलं, आणि जे आधी सांगायचं ते गिळून टाकलं. पुढच्या रविवारी वाटी आतून गुळगुळीत झाली आहे का ते बघायला लावलं, पॉलिश पेपर कसा फिरवायचा ते शिकवलं. मग वॉशर: वाटीला कागदाएवढी फट हवी, जास्त नको, कमी नको. मग शू उलटे तर बसले नाहीत ना. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू. बुधवारपासूनच ते पुढच्या रविवारचा बिघाड ठरवायला लागायचे. एका जुन्या डायरीच्या पाठीमागे यादी केली होती, अजून दोन महिन्यांची सोय होती त्यात.

आणि त्या स्क्रू-वॉशरांच्या मधल्या जागेत काय काय येऊन बसलं! वरच्या मजल्यावरची बाई पहाटे टकटक बूट वाजवत फिरते. मध्ये ताप येऊन गेला, तो तिने कुणालाच सांगितला नव्हता. बाबांना आता अंडं उकडता येतं, पण किती वेळ ते अजून जमलेलं नाही. एकदा ती म्हणाली, "आठवतं? आईने क्लचची पिन सुयांच्या डबीत टाकली होती आणि तुम्ही दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंत." दोघं हसले. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल ते दोघं पहिल्यांदाच बोलत होते. त्या दिवशी फोन एक तास दहा मिनिटं चालला आणि नंतर फिटरसाहेब एकटेच घरात फिरत राहिले, आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

सातव्या रविवारी मुलीचा आवाज पडलेला होता.

"बाबा, मी गाडी देऊन टाकतेय. ट्रॅकवर एक जण मागतोय."

"का गं? या वेळी आपण..."

"नको. कालही तेच झालं. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, एकेक गोष्ट लिहून घेऊन केलं. माझंच काहीतरी चुकतंय. आई म्हणायची ना, पोरीचे हात बापावर गेलेत. नाही गेले, बाबा. मला आवडायचं ते ऐकायला. पण नाही गेले."

फिटरसाहेबांनी डायरीकडे बघितलं. यादीतलं पुढचं काहीतरी सांगून आजचा रविवार निभावता आला असता. मोह झालाच नाही असं मी म्हणणार नाही.

"तुझं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "स्प्रिंगा पातळ आहेत."

"कशावरून?"

"मीच घातल्या होत्या. तू नऊ वर्षांची होतीस. गाडी हळू सुटावी, तुझ्या हातून निसटू नये म्हणून. जाड स्प्रिंगा माझ्या टेबलाच्या खणात आहेत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

ती हळूच म्हणाली, "सात रविवार, बाबा. दर शनिवारी मी ते इंजिन उघडून बसायचे. दोनदा बोटं भाजली. मला वाटायचं, आपल्याला अक्कलच नाही. का केलंत असं?"

उत्तर त्यांच्या छातीत तयार होतं. अगदी साधं, चार शब्दांचं. पण ते बाहेर काढायची वेळ आली आणि फिटरसाहेबांनी कच खाल्ली.

"उद्याच पाठवतो," ते म्हणाले. "तीनही पाठवतो."

तिने फोन ठेवला.

काड्यापेटीत कापूस घालून त्यांनी तीन स्प्रिंगा पाठवल्या. बरोबर शू कसे काढायचे त्याची आकृती, मापासकट. स्प्रिंग उडते, डोळे सांभाळ, असंही लिहिलं. जे लिहायला हवं होतं ते सोडून सगळं लिहिलं. आठवड्याने मेसेज आला: "बसवल्या. नीट चालली. तिसरी आले." त्यांनी तो मेसेज इतक्यांदा वाचला, की त्यातलं शेवटचं वाक्य तर पाठ झालं, पण त्यात बाबा हा शब्द नव्हता हेही पाठ झालं.

त्या रविवारी फोन वाजला नाही. पुढच्या रविवारीही नाही. फोन बिघडला असेल म्हणून त्यांनी शेजाऱ्याला रिंग द्यायला लावली. खणखणीत वाजला. इतकं ठणठणीत यंत्र त्यांना आयुष्यात कधी एवढं नकोसं वाटलं नव्हतं. भोगा आता, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं आणि दुपारी जेवायचं विसरून गेले.

तिसऱ्या रविवारी दहा वाजून गेले, सव्वादहा झाले. फिटरसाहेबांनी फोन उचलला. वाटी तापून निळी पडते का, एवढं विचारायला हरकत नव्हती. चांगलं, पटण्यासारखं कारण होतं. त्यांनी नंबर लावला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरली होती. त्यांनी होऊन फोन कधी केलाच नव्हता.

"काही नाही."

"तब्येत?"

"बरी आहे."

"गाडी चांगली चाललीय," ती तुटकपणे म्हणाली. "क्लचचं मला काही विचारायचं नाहीये."

"मलाही सांगायचं नाहीये." त्यांनी श्वास घेतला. वाटीचं कारण जिभेवर होतं, ते त्यांनी सोडून दिलं. "तुझा आवाज ऐकायचा असायचा. म्हणून लांबवलं सगळं. बिघाड संपला की तू फोन ठेवशील असं वाटायचं. चूक झाली माझी. फार आठवण येते तुझी. तुझ्या आईची येते, पण ती आता भेटायची नाही, हे मनाला सांगता येतं. तू तर आहेस. तुझ्या बाबतीत काय सांगायचं मनाला?"

एवढं लांबलचक ते कुणाशीच बोलले नव्हते. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली.

"हं."

"खूप रागावलेय."

"हं."

मग तीही गप्प झाली. विचारायला बिघाड नव्हता, सांगायला उपाय नव्हता. फिटरसाहेब फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले. घड्याळात साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. तिचा श्वास ऐकू येत होता. तिने फोन ठेवला नाही.