मोडक्या कानाचं चित्र

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे, तळहातात मावेल एवढं. पूर्वी चहाच्या पुड्यात पैलवानांची रंगीत चित्रं निघत, त्यातलंच एक. माझ्यावर गुंडा पैलवान आहेत.

माझा जन्म सांगलीच्या एका छापखान्यात झाला. चित्रकार गुळगुळीत दगडावर चित्र काढी आणि दगडावरून एकेक रंग कागदावर उतरे. आधी पिवळा, मग तांबडा, शेवटी काळा. हा चित्रकार कुस्त्यांचा शौकीन होता. लढून लढून पैलवानाचा कान मोडतो, आतल्या आत गोळा होतो. गुंडा पैलवानांचा तसा कान त्याने तसाच काढला. मालकांना कुस्तीतलं काही कळत नव्हतं. त्यांना वाटलं, दगडावर शाईचा डाग पडला. त्यांनी ती जागा घासून तिथे सुबक कान काढवून घेतला.

सुबक कानाची हजारो कार्डं गावोगाव गेली. आधी छापलेली आम्ही थोडी मोडक्या कानाची रद्दीत निघालो. चित्रकाराने मला तेवढं उचललं आणि पैलवानांना नेऊन दिलं.

दोन वर्षांत पैलवान वारले. लेक अंबू तेव्हा पाच वर्षांची. बापाच्या खांद्यावर तोच कान मुठीत धरून ती झोपायची. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. मी तिच्या पत्र्याच्या पेटीत राहिलो. कधीतरी ती मला काढी, कानावरून बोट फिरवी, पुन्हा ठेवून देई. मधली वर्षं नुसता अंधार. माझ्यासारखं दुसरं कार्ड मला कधी भेटलं नाही.

यंदा शिराळ्याजवळच्या आमच्या गावात नवी तालीम झाली. आत गुंडा पैलवानांचा मोठा फोटो लागला, सुबक कानाच्या कार्डावरून केलेला. बायका तालमीत जात नाहीत. आता म्हातारी झालेली अंबूबाई मला पदराखाली घेऊन उंबऱ्याशी थांबली. वस्ताद लालासाहेबांनी फोटो दाराशी आणून दाखवला.

"ह्यो माझा बा न्हाई, लाला."

"आवं आत्या, खाली नाव हाय की."

"नाव कुनी बी लिवंल. कान बघ त्येचा. कुस्ती खेळून आलाय का न्हाव्याकडनं?"

लालासाहेबांचा हात आपल्याच मोडक्या कानाकडे गेला. तिने मला पुढे केलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"व्हय आत्या. ह्यो खरा गडी."

त्यांनी मोबाईलवर माझा फोटो काढला, पण मोठा करताच कानाच्या जागी नुसते ठिपके दिसू लागले.

"मूळ कार्डच लावाय लागंल. द्याल?"

"मग माझ्यापाशी काय ऱ्हाईल?"

लालासाहेबांनी मला परत तिच्यापुढे धरलं. तिनेच विचारलं, "पोरं रोज पाया पडत्यात न्हवं?"

"रोज."

"मग परक्याच्या पाया कशाला पडाय लावतूस? घे."

तेव्हापासून मी काचेमागे आहे. पोरं सकाळी नमस्कार करतात, लाल मातीत उतरतात. माझी काच रोज पुसली जाते. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. पण माझ्या कानावरून आता बोट फिरत नाही.

संध्याकाळी अंबूबाई उंबऱ्यापर्यंत येते आणि आत बघते. तिची नजर एवढ्या लांब पोचत नाही. थोडं थांबून ती परत जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूची काच पुसता, हे चांगलंच. पण ती ज्याने दिली तो दाराशी उभा असेल, तर तिला भिंतीवरून काढा आणि घटकाभर त्याच्या हातात द्या.