टोलिमानची गुप्त जुळणी

मी गिटार बोलतेय. राबौल बंदराच्या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याइतकी सुरेल गिटार दुसरी नाही! आता तारा पाचच आहेत, पाठीला चीर आहे आणि पोटात एका झुरळाचं खटलं नांदतंय, पण तेवढं सोडा.

एका चिनी दुकानात, माशांच्या डब्यांशेजारी मी लटकत होते. टोलिमाननं सुपारी चघळत मला छेडलं आणि बदल्यात खोबऱ्याची पोती देऊन घरी आणलं.

टोलिमान गाणी रचायचा आणि स्वतःच गायचा. कुणाची होडी उलटो, कुणाची डुकरीण पळो, संध्याकाळपर्यंत याचं गाणं तयार! लग्नाला, चर्चच्या सणाला तोच लागायचा. कुठली तार कुठल्या सुराला लावायची, ती जुळणी मात्र गुप्त. आमच्याकडे प्रत्येक गाण्याबजावण्याच्या मेळाची जुळणी वेगळी, आणि दुसऱ्याची चोरायला सगळेच टपलेले. म्हणून गाणं संपलं रे संपलं की हा माझे कान पिळून सगळ्या तारा सैल करायचा.

अशात रेडिओवाल्यांनी बोलावलं. काय ती धांदल! बायकोवर, रोदावर रचलेलं गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. रोदाही बाजाराची टोपली घेऊन निघाली. ट्रकमध्ये नेमका रेडिओकडेच निघालेला पलीकडच्या गावचा मेळ चढला, म्हणून यानं मला आणखीच ढिली केली.

रेडिओच्या खोलीत टोलिमान खुंट्या पिळतोय, पिळतोय, आणि जुळणी काही आठवेना! घामानं डबडबला. मीही मुद्दाम मांजरासारखी ओरडले.

"काका, पाच मिनिटं," रेडिओवाला म्हणाला. "नाही जमलं तर पलीकडच्यांना आत घेतो."

रोदानं रताळ्यांची टोपली खाली ठेवली. "आण इकडे तिला."

"हे बायकांचं काम नाही!"

"मग गा म्याव म्याव."

तिनं गुणगुणत खुंट्या फिरवल्या आणि मी अशी झणाणले म्हणून सांगू! गाणं एका दमात झालं.

आज वाळवीनं माझी मान पोखरलीय. तरी रेडिओवर ते गाणं लागलं की खिळ्यावर टांगल्याटांगल्या मी थरथरते. मला वाजवू नका बाबांनो, फक्त तेव्हा आवाज मोठा करा.

त्या दिवशी परतीच्या ट्रकमध्ये टोलिमान बायकोच्या कानाशी लागला, "माझं गुपित तुला कुणी सांगितलं गं?"

रोदा अख्ख्या ट्रकला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गुपित? अरे म्हाताऱ्या, या समोर बसलेल्या पलीकडच्या मेळालासुद्धा ती जुळणी पाठ आहे. आज ती लपली ती फक्त तुझ्यापासून!"