पाठीवरच्या नळ्या

डोंगरावरच्या दवाखान्यांत तिला सगळे सुईबाई म्हणत. तपासणीसाठी लोकांचं रक्त काढायचं आणि नळ्या पाठीवरच्या पिशवीतून खाली शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे तिचं काम. रक्त काढण्यात अडचण नव्हती; आणण्यात घोडं पेंड खात होतं.

प्रयोगशाळेची गाडी बंद झाली तेव्हा ‘मी मोटरसायकलवरून आणते’ असं तीच पुढे होऊन म्हणाली होती. फिरती गेली की काउंटर नशिबी येणार, आणि एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण आता प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी एक नळी उजेडात धरून तिला दाखवली. वर जमलेलं पाणी पिवळसर हवं, ते गुलाबी दिसत होतं. वाटेतल्या हिसक्यांनी रक्तातल्या पेशी फुटल्या होत्या.

“पुन्हा तेच,” मॅडम म्हणाल्या. “लोकांना किती वेळा टोचायचं? शुक्रवारच्या नळ्या चांगल्या निघाल्या तर ठीक. नाहीतर सोमवारपासून काउंटर.”

हिसके कुठे बसतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरळ रस्त्यावर ती झकास चालवे. वळण आलं की छातीत धस्स होई, अर्ध्या वळणात पाय ब्रेकवर जाई, झुकलेली गाडी ताडकन सरळ होई आणि बाहेरच्या कडेकडे धावे. मग ती कशीबशी ओढून आत घ्यायची. खाणीपाशी रस्ता डावीकडे एकदम दुमडतो, ते वळण तर तिच्या डोक्यातून हलेना. भांडी घासताना ती वळण घेई, केस विंचरताना वळण घेई. नवरा म्हणाला, “निदान झोपेत तरी डावीकडे झुकू नकोस. माझं पांघरूण जातं.”

शेवटी ती नणंदेकडे गेली. नणंद मोटरसायकल शिकवायची. हात पक्का, जीभ त्याहून.

“तहान लागल्यावर विहीर खणायला आलीस होय, वहिनी?”

“टोमणे नंतर मार. शिकव आधी.”

घाऊक बाजाराला सुट्टी होती, मागचं पटांगण मोकळं होतं. नणंदेनं चार रिकामी खोकी मांडली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. दोन फेऱ्यांतच ओरडली, “थांब, थांब! गाडी झुकतेय आणि तू खांबासारखी ताठ. भांडण झालंय का तुमचं?”

“पाठीवर नळ्या असतात ना. तिरक्या होतील.”

“आत्ता कुठे आहेत नळ्या?”

सुईबाईनं पाठीकडे हात नेला. पिशवी घरीच होती. पण अंगाला ते कुठे ठाऊक! नळी हातात असली की कंबर ताठ, हा या धंद्यातला पहिला धडा. वर्षानुवर्षं ती दवाखान्यांच्या लांबलचक व्हरांड्यांतून तशीच चालत आली होती. वळणातही तेच: गाडी खाली झुकवायची, आपण सरळ राहायचं. आपण सरळ म्हणून गाडीला जास्त झुकावं लागे, ती जास्त झुकली की भीती वाटे, भीती वाटली की ब्रेक.

“मग काय, नळ्या आडव्या करू?”

“मला तुझ्या नळ्यांतलं कळत नाही. मागे बस.”

नणंदेनं गोल फेरी घेतली. सुईबाईच्या एका हातात अर्धी प्यालेली पाण्याची बाटली तशीच राहिली होती. जमिनीकडे बघितलं तर भोवळ येईल म्हणून ती बाटलीकडे बघत राहिली. गोदामाची भिंत कलली, विजेचा खांब कलला, गाडीबरोबर बाटलीही कलली. आतलं पाणी मात्र बाटलीच्या बुडाशी समांतर, वाटीतल्या कढीसारखं शहाणं. तिनं मुद्दाम बाटली जमिनीशी काटकोनात धरली. पाणी लगेच एका बाजूला चढलं.

“अगं, परत! परत फिरव!”

“उलटी येतेय का? माझ्या जाकिटावर नको हं!”

प्रयोगशाळेतलं नळ्या गरगर फिरवण्याचं यंत्र ती रोज चालवायची, त्यात नळ्या आडव्या झाल्या तरी रक्त बुडाशीच राहतं हे रोज बघायची, तरी हे सुचलं नव्हतं. वळणात पाण्यासाठी ‘खाली’ म्हणजे गाडीची खालची बाजू. म्हणजे इतके दिवस सरळ ठेवण्याच्या नादात ती नळ्यांना तिरकंच करत होती! तिला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. तिनं भराभरा सगळं नणंदेला समजावलं.

“मी काय वेगळं म्हणत होते?” नणंद म्हणाली. “गाडीबरोबर झुक. चल, बस पुढे.”

डोक्याला पटलं तरी अंगाला पटायला दुपार झाली. ब्रेक वळणाआधी. आतल्या बाजूचा हँडल हलकेच पुढे ढकलायचा. नजर वळण जिथे सुटतं तिथे.

“खोक्याकडे बघू नकोस! बघशील तिथेच जाशील!”

“मध्येच आहे ते!”

“असू दे की. उठून अंगावर येत नाही ते.”

शुक्रवारी पिशवी पाठीवर घेऊन ती डोंगर उतरू लागली. पहिली वळणं जमली. एकात पुन्हा ताठली आणि स्वतःला शिवी दिली. मग खाणीची धूळ दिसली. तिनं वेग आधीच उतरवला, गाडी डावीकडे घातली, आणि समोरून भोंगा वाजवत ट्रक आला.

नजर ट्रकच्या चाकाला चिकटली. गाडीही तिकडेच निघाली. पाय ब्रेकवर गेला. खेळण्यांच्या दुकानापाशी हटून बसलेलं पोर ओढून न्यावं तशी तिनं नजर ओढली आणि कातळाच्या पलीकडे, रस्ता उघडतो तिथे नेली. पाय उचलला. डावा हँडल ढकलला, कंबर सोडली आणि गाडीबरोबर झुकली. ट्रकची गरम हवा उजव्या गालाला लागली. मग समोर नुसता रस्ता होता. हिसका बसलाच नव्हता.

प्रयोगशाळेत नळ्या यंत्रात फिरत होत्या तोवर ती दारापासून बेसिनपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. मॅडम एकेक नळी उजेडात धरू लागल्या. पिवळी. पिवळी. पिवळी. आणि एक गुलाबी.

“ही?”

तिनं नळीवरची चिठ्ठी वाचली. “वरच्या दवाखान्यातल्या आजोबांची. शीर सापडत नव्हती, मी सिरिंज जोरात ओढली. ही वळणात नाही बिघडली, मॅडम. माझ्या हातानं बिघडली.”

मॅडमनी उरलेल्या नळ्या पुन्हा एकदा बघितल्या. “बाकीच्या चांगल्या आहेत. आजोबांचं पुन्हा आणावं लागेल.”

“कोणी आणायचं?”

“तूच. दुसरं कोण जातंय वर?”

तिनं हेल्मेट उचललं.

“अगं, उद्या!” मॅडम म्हणाल्या.